नानाची आभाळातली लाट

साखर कारखान्याच्या गेटवर तार आली, तेव्हा मी पहिली पाळी संपवून सायकल काढत होतो. नाना गेला होता. कोपरगावाहून काष्टीला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं... महिना झाला त्याला.

नाना काष्टीच्या शाळेत सायन्स शिकवायचा. नगरच्या बोर्डिंगात आम्ही एका ताटात जेवलेलो. रेडिओवर दूरचं स्टेशन लावलं की आवाज हळूहळू बुडतो, पुन्हा वर येतो. आपण पेटीला थापट्या मारतो. नाना हसायचा. "अरे शंकऱ्या, पेटीत काय न्हाई, वर हाय! आवाज पार वरच्या हवेला आपटून खाली येतो. त्या हवेत लाटा चालतात, म्हणून तो हेलकावतो. लाट उत्तरेकडून येत असंल, तर आधी तुझ्याकडं कोपरगावात बुडंल, मग थोड्या मिनिटांनी माझ्याकडं काष्टीत."

"मग मी काय करू?"

"रोज दुपारी चारला तेच स्टेशन लाव. आवाज बुडाला की घड्याळ बघून लिही. शनिवारी कार्ड टाक, मी माझ्या वेळांशी ताडून बघीन."

पहिले पंधरा दिवस इमानेइतबारे लिहिलं. मग गळीत हंगाम सुरू झाला, म्हणून जमलं नाही, असं सांगितलं असतं. पण खोटं किती बोलू? चारला आमचा पत्त्यांचा डाव रंगायचा. शनिवारी कार्डावर मनाला येतील त्या वेळा ठोकून द्यायचो. म्हटलं, आभाळातल्या लाटेला कोण विचारतंय! दोन हिवाळे असेच गेले. नाना मात्र दर कार्डाला उत्तर धाडायचा, "तुझे उपकार कसे फेडू?"

तेराव्याला वहिनींनी त्याची वही माझ्या हातात ठेवली. "भाऊजी, तुमच्या कार्डांवर त्यांचा लई भरवसा हुता. शेवटी शेवटी तर रेडिओ लावनंच सोडलं त्यांनी."

डावीकडे माझ्या वेळा, उजवीकडे त्याच्या. पहिल्या पंधरा दिवसांत त्याचा आवाज बहुतेक रोज माझ्यानंतरच बुडालेला, तो म्हणाला होता अगदी तसा. पुढे नुसता गोंधळ. शेवटच्या पानावर त्याचं टपोरं अक्षर: "लाट सापडत नाही. सुरुवातीचं जुळलं तो योगायोग. शंकरच्या नोंदी चोख आहेत, चूक माझीच."

वहिनींना खरं सांगायचं होतं, पण वही पिशवीत घालून तसाच परतलो. म्हणून इथे लिहितोय, छापून आलं की त्या वाचतील. मेल्या, एकदा तरी माझ्यावर संशय घ्यायचास रे...

आता रोज चारला रेडिओ लावतो, घड्याळ समोर ठेवून. शनिवारी कार्ड भरतं, टाकायला पत्ता नाही. काल चार वाजून अकरा मिनिटांनी आवाज बुडाला. खरी नोंद आहे, नाना.