ओरखड्याचा फोटो

माणसं फोटोग्राफीच्या नादाला लागतात ती बहुतेक आनंदाच्या निमित्ताने. कुणाला बाळ होतं, कुणी लडाखला जाऊन येतं, कुणाचा मेहुणा परदेशातून कॅमेरा आणतो. मी लागलो तो ओरखड्यांमुळे.

चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. आमच्याकडे गाड्यांचे सुटे भाग बनतात, आणि जे बिघडतात त्यांचे फोटो काढून वर पाठवायचे असतात. हे काम करणारे गृहस्थ रिटायर झाले आणि साहेबांनी कॅमेरा माझ्या टेबलावर आणून ठेवला. "तुमच्याकडे वेळ असतो," म्हणाले. माझ्याकडे वेळ असतो हे मला त्या दिवशीच कळलं.

ओरखडा ही मोठी लाजाळू वस्तू. समोरून उजेड टाकला की गायब. मी आपला चकचकीत लोखंडाचे फोटो पाठवत होतो आणि वरून विचारणा येत होती, यात डिफेक्ट कुठे आहे? शेवटी वैतागून टेबललॅम्प बाजूला ढकलला. उजेड आडवा पडला आणि ओरखडा असा उठून दिसला की मीच खुर्चीत मागे सरकलो. मग शेजारी मापाला स्टीलची पट्टी ठेवली, श्वास रोखला आणि बटण दाबलं. फोटोत ओरखड्याभोवती नियमाप्रमाणे लाल गोल केला. त्या फोटोकडे जरा जास्तच वेळ बघत बसलो. पन्नाशीला आलेला माणूस एका रिजेक्ट पार्टच्या प्रेमात पडला, दुसरं काय.

तेव्हापासून सवयच लागली. आत कुणी फोटो काढू नयेत म्हणून कंपनीच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला रोज सकाळी आमच्या मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतो. संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये बसलो की मी तो सोलायचो, आणि चौकात अडकलेली बस हलेपर्यंत खिडकीतून दिसेल ते टिपायचो. ट्रकच्या फळीवरचा गंज, झिजलेला टायर, तडकलेली नंबरप्लेट. शेजारी बसणारा सहकारी लातूरकडचा. तो जांभई देत म्हणायचा, "भाऊ, सुट्टी झाली की. अजून किती रिजेक्शन काढताल?"

आमच्या पुनावळ्याच्या सोसायटीत फोटोवाल्यांचा एक ग्रुप आहे. ते मला एका रविवारी पहाटे देहूला घेऊन गेले. सगळे इंद्रायणीवर उगवणाऱ्या सूर्याकडे लेन्सा रोखून उभे, आणि मी घाटाच्या पायरीतल्या तड्यासमोर उकिडवा. मापाला शेजारी पेनही ठेवलं होतं. परत त्यांनी बोलावलं नाही. रविवारी झोपायला मिळालं याचं मला बरंच वाटलं.

घरात मात्र माझा भाव वधारला. बायको लग्नापासून शेजारणींचे ब्लाउज शिवत आलीय, शेजारधर्म म्हणून. मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली, तिची खोली रिकामी झाली, तेव्हा बायकोने ठरवलं की आता शिवणक्लास काढायचा आणि सोसायटीच्या गेटवर फ्लेक्स लावायचा. फ्लेक्सवाल्याने फोटो मागितला. तिने कपाटातले अल्बम खाली काढले. एकाही फोटोत बाई एकटी नव्हती. कुठे वाढताना वाकलेली, कुठे मुलीला पुढे करून मागे लपलेली, कुठे कडेला अर्धीच.

"अहो, गंजाचे एवढे फोटो काढता, माझा एक काढा की," ती म्हणाली. "लोकांना वाटलं पाहिजे, कुणीतरी बाई आहे ही."

सहज बोलल्यासारखं बोलली, पण साडीला इस्त्री आदल्या दिवशीच करून ठेवली होती.

रविवारी मी तिला खिडकीपाशी बसवलं. उजेड बाजूने घेतला. "मान डावीकडे. हलू नको. श्वास रोख." ती बिचारी रोखून बसली. पार्ट हलत नाही याचं आम्हाला सुख असतं, पण माणूस इतकं हलेनासं झालं की कसं दिसतं याची मला कल्पना नव्हती. फोटो तिच्यापुढे धरला. डोळ्यांखालची एकेक रेघ, हनुवटीवरचा तेल उडाल्याचा जुना डाग, सगळं स्वच्छ, मोजून घ्यावं असं.

ती बघत राहिली. मग म्हणाली, "लाल गोल तेवढा करायचा राहिला."

"फोकस चांगला आलाय," मी म्हणालो. अशा वेळी असं बोलायची बुद्धी मला कोण देतं कोण जाणे.

ती उठून साडी बदलून आली. गाऊन घातला होता. "राहू द्या. फ्लेक्सचं नंतर बघू. या वयात कुठं क्लास नि काय," म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली. मी तिथेच खाली, पलंगाला पाठ टेकून बसलो. आठवड्याचा शीण अंगात होता आणि त्यात ही नवी भर. सॉरी म्हणावं तर तेवढंही त्राण नव्हतं.

ती सुईत दोरा ओवत होती. दिसेना तशी चष्मा कपाळावर सरकवला, दोऱ्याचं टोक ओलं केलं, जीभ ओठांत धरली. मी खोलीत आहे हे ती विसरली होती. फोन हातातच होता. मी काढत गेलो. ना मान डावीकडे, ना श्वास.

"बघ," म्हणून फोन पुढे केला. तिने नाईलाजाने घेतला, दोन बोटांनी मोठा करत हातांपाशी थांबली.

"हे माझे हात?"

"मग काय माझे?"

"हा द्या फ्लेक्सला. एवढंच. वरचं कापा."

"अगं, वरचंच तर चांगलं आलंय."

"तुमच्या क्वालिटीत आलं असेल. कापा म्हणते ना."

कापलं. गेटवर फ्लेक्स लागला. दोन हात, सुई, दोरा आणि खाली शिवणक्लासची पाटी. सकाळी बस आली, तेव्हा खिडकीतून लातूरकर तो निरखत होता.

"भाऊ, ह्या बाईला तोंड नाही का?"

"आहे," मी शेजारी बसत म्हणालो. "रिजेक्ट झालं."

तो हसला. मला हसू आलं नाही. काचेला डोकं टेकून डोळे मिटले.

आता रविवारी दुपारी चार जणी येतात. मशीन खडखडतं, हसणं भिंतीतून येतं, माझी झोप गेली ती गेलीच. परवा उठून मुलीच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. बायको कापडावर ओणवी होऊन ब्लाउजच्या मुंढ्याचा आकार समजावत होती, हातात खडू. माझ्या हातातला फोन तिला न बघताच कळला.

"काढायचा तर काढा," ती म्हणाली. "पण मी हलणार."

ती हलली. फोटोही हलला. खडूचा हात तर नुसता पांढरा फराटा. तिने चष्मा कपाळावर सरकवून पाहिला आणि म्हणाली, "असू द्या हा. कापू नका."