आम्ही शुद्ध मराठी झालो तो आठवडा

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, आपण नक्की कोण?" शाळेत शिकवलं म्हणे, की वंश काही रक्तात नसतो, माणसांनीच एकमेकांकडे बघून ठरवलेला असतो, आणि एवढं शिकवून बाईंनी लगेच प्रत्येकाला आपापला सांगायला लावलं. मी जन्मभर वर्गात इंग्रजी शिकवलेली. तुमचा प्रश्न संपायच्या आत माझं उत्तर सुरू झालं: संस्थानी काळ, मराठी भाषा, संस्कृती वगैरे. तुम्ही "ओके आजी" म्हणालात. तो स्वर मी शेवटच्या बाकावरून पुष्कळदा ऐकलेला आहे. म्हणून आता नीट लिहिते. भाषण नाही. तुमच्या आत्याला बघायला पुण्याची मंडळी आली होती, तेव्हाची हकिगत.

तेव्हा आम्ही इंदुरात, स्नेहलतागंजात राहायचो. आजोबांची कापड मिल बंद पडून वर्ष उलटलं होतं. आजोबा मिलच्या टाइम ऑफिसात होते, म्हणजे सगळ्या मिलची येण्याजाण्याची वेळ त्यांच्या हातात; आता त्यांना स्वतःलाच कुठे वेळेवर पोचायचं नव्हतं. शहरात मात्र धामधूम. भोंगे थांबले आणि गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या. अशाच एका क्लासात पुण्याहून शिकवायला आलेला मुलगा आत्याला आवडला. इतर विद्यार्थ्यांबरोबर तो दोन-चारदा आमच्याकडे पोहे खाऊन गेला होता. मी त्याला नुसता सर समजत होते. मग कळलं की त्याचे आईवडील येताहेत, आणि त्याच्या आईनं हो म्हटलं तरच पुढचं सगळं. आत्या म्हणाली, "आई, हे जमलं नाही तर मी लग्नच करणार नाही." ती बोलते तसं वागते, हे तुम्हाला माहीत आहे.

मी घाबरले. आणि मी घाबरले की वेळापत्रक आखते.

माझं म्हणणं सरळ होतं. मिल बंद, म्हणजे घरच्या कर्त्याविषयी चारचौघांत सांगण्यासारखं काही नाही. दाखवायला उरलं होतं ते आमचं मराठीपण. इंदुरात ते फार उपयोगी पडायचं. शेजारणींमध्ये मी "हमारे मराठी लोगों में" अशी सुरुवात केली की ऐकणारी सावरून बसायची. नाटक, शिस्त, शिक्षण हे सगळं जणू माझ्या माहेरानंच शोधून काढलेलं. पुण्यात मात्र उलटं. तिथल्या लग्नात मी तोंड उघडलं की कोणीतरी प्रेमानं विचारायचं, "तुम्ही हिंदीकडच्या का?" म्हणजे रात्री इंदुरात मराठी म्हणून गाडीत बसलेली बाई सकाळी पुण्यात हिंदी म्हणून उतरायची. साडीसुद्धा तीच.

तेव्हा ठरलं: पाहुणे येईपर्यंत आठवडाभर घरात शुद्ध मराठी. हिंदी शब्द निघाला की त्या जेवणात शेव बंद. इंदुरी माणसाला याहून कडक शिक्षा नाही. आपण पोह्यांवर घालतो, भाजीवर घालतो, वरणावरही घालतो. तपासनीस तुमचे बाबा. ते बारावीत होते आणि अभ्यास सोडून काहीही करायला तयार होते.

पहिल्याच दुपारी आजोबा म्हणाले, "अरे यार, चहा तर रखवा."

"गेली शेव," बाबा म्हणाले.

"ये क्या बात हुई?"

"रात्रीचीपण गेली."

आजोबांनी मग बोलणंच कमी केलं. मी पुण्याच्या चुलत बहिणीकडून गोडा मसाला मागवला आणि गूळ घालून आमटी केली. आजोबांनी चव घेतली.

"हे आपल्या पूर्वजांचं जेवण?"

"हो."

"म्हणूनच ते इकडे निघून आले असतील."

शेजारच्या भाभीजी मूळ इकडच्याच, माळव्याच्या. त्यांचे यजमान त्याच मिलमध्ये होते, आणि आत्या अर्धी त्यांच्याच स्वयंपाकघरात वाढली. मी त्यांना सांगायला गेले, की त्या दिवशी आमच्याकडे जरा... त्यांनी वाक्य पुरं करू दिलं नाही. "बेनजी, फिकर मत करो. उस दिन तो अपन खाँसेंगे भी मराठी में." मग मला दारापर्यंत पोचवायला आल्या आणि म्हणाल्या, "पर एक बात बताओ. इत्ते दिन आप लोग क्या थे?"

मी हसले. आमटी गॅसवर आहे म्हणाले आणि घरी आले.

पाहुणे आले. मुलाचे वडील बँकेतले, शांत गृहस्थ. आई बारीक, खुर्चीच्या काठावर बसणाऱ्या, सगळीकडे नजर. मुलगा आत शिरला आणि चुकीच्या घराची घंटी वाजवल्यासारखा बघत राहिला. तुमचे बाबा गुडघ्यांवर हात ठेवून फोटोला बसल्यासारखे बसले होते. आजोबांकडून मी तीन वाक्यं पाठ करून घेतली होती. ती त्यांनी कोणी काही विचारायची वाट न बघता एकापाठोपाठ म्हणून टाकली: "प्रवासात त्रास झाला नाही ना? इकडची हवा जरा कोरडी. आपण निवांत बसावं." इथे त्यांचा साठा संपला. जेवण होईपर्यंत ते नुसते मान हलवत राहिले.

पानं वाढली. मुलाच्या आई म्हणाल्या, "तुमचं मराठी फार स्वच्छ आहे हो. इकडचं वाटतच नाही."

मी फुलले. आजोबांकडे एक नजरही टाकली, बघा म्हणून.

मुलाच्या आईंनी आमटीची वाटी खाली ठेवली. "पण आमचा मुलगा सांगत होता, आई, त्या घरात सगळे एकदम बोलतात, कोण कुठल्या भाषेत बोलतंय पत्ता लागत नाही, आणि सगळ्यावर शेव. मला वाटलं, गमतीचं घर असेल. इथे तर कुणाच्या समाचाराला आल्यासारखं वाटतंय."

"अगं," मुलाचे वडील म्हणाले.

"थांबा हो. मला विचारू दे." त्या माझ्याकडे वळल्या. "हे तुमचं रोजचं, की आमच्यासाठी?"

मी "रोजचंच" म्हणायला तोंड उघडलं होतं. आत्या आधी बोलली. "तुमच्यासाठी. आठवडाभर चाललंय. आमच्या बाबांच्या ताटात शेव नाही आठवडाभर."

मला वाटलं, संपलं. मुलगी बिनलग्नाची राहणार, आणि तेही माझ्या आमटीपायी.

मुलाच्या आईंनी वाटी ताटाबाहेर सरकवली. मग म्हणाल्या, "मी हुबळीची. माहेरी कानडी. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा सासूबाईंनी असाच आठवडा सुरू केला होता. तो अजून संपला नाही." मुलाचे वडील वाटीत बघत होते. आत्याला त्या म्हणाल्या, "तू माझ्याकडे येऊन हेच करणार असशील तर मला नको. घरात अशी एक आहे, तेवढी पुरे."

"मला नाही जमणार," आत्या म्हणाली. "बघितलंत ना, एक आठवडा जमला नाही."

"बघू. उद्या संध्याकाळी आमची बस आहे. दुपारी पुन्हा जेवायला येतो. या वेळी रोजचं करा."

ते गेले, आणि मी कागद-पेन घेऊन बसले. उद्या आपण जसे आहोत तसे दिसलो पाहिजे, तर तयारी नको का? दाल-बाफले, म्हणजे दाल आणि उकडून भाजलेले, तुपात बुडवलेले कणकेचे गोळे. सगळ्यांनी मधूनमधून एकदम बोलणे. भाभीजींनी जेवणाच्या सुमारास सहज डोकावणे. आजोबांनी कागद उचलून वाचला.

"अब नॅचरल होने का भी टाइमटेबल?"

"हिंदी बोलू नका," मी सवयीनं म्हटलं.

"उद्याची प्रॅक्टिस करतोय."

दुसऱ्या दिवशी माझ्या कागदाप्रमाणे काही झालं नाही. भाभीजी सकाळीच येऊन बाफले वळत बसल्या, आणि सहज डोकावायची पाळी पाहुण्यांवर आली. आजोबांची आठवडाभर तुंबलेली हिंदी सुटली. कोणी न विचारता त्यांनी मिल कशी बंद पडली, आपण घरी कसे बसलो, हे सगळं सांगितलं. मी लपवायला एवढी धडपडले होते ती गोष्ट मुलाचे वडील पुढे सरकून ऐकत होते. मी मात्र तेव्हाही पाहुणीच्या ताटावर नजर ठेवून मनात मोजत होते, आज आपण पुरेसे इंदुरी दिसतोय ना.

त्यांनी दोनदा बाफले मागून घेतले. लग्नाविषयी अक्षर काढलं नाही. आत्या वाढताना दर वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती आणि तूप भलतीकडे सांडत होती.

संध्याकाळी आम्ही सगळे बसवर पोचवायला गेलो. व्हिडिओ कोच, आत सिनेमा सुरू झालेला, एक शब्द ऐकू येईना. मुलाच्या आईंनी खिडकीची काच सरकवली आणि मला हात केला.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या.

आत्यानं माझं कोपर इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

विहीणबाई खिडकीतून आणखी वाकल्या आणि म्हणाल्या, "एक अडचण आहे. आमच्या थोरल्या जाऊबाई विचारतील, माणसं मूळची कुठली. काय सांगू?"

"इंदूरची," आजोबा म्हणाले.

"ते नाही चालायचं. मूळची."

"इथेच आमच्या पाच-सहा पिढ्या झाल्या," मी म्हटलं. "त्याआधीचं कोणाला माहीत नाही. सासरे एक गाव सांगायचे, त्यांचे भाऊ दुसरंच." मग मी विचारलं, "तुम्हाला कुठलं सोयीचं?"

साडीवर ब्लाउजपीस शोधताना आपण करतो तसा त्यांनी डोळे बारीक करून विचार केला. "कोकण नको. जाऊबाई तिकडच्याच, नाती काढत बसतील. सातारा बरं पडेल."

"चालेल," मी म्हटलं.

तर बाळांनो, त्या संध्याकाळपासून आपण साताऱ्याचे आहोत. तुमच्या बाईंना तसं सांगायला हरकत नाही. गावाचं नाव विचारलं तर मात्र पंचाईत होईल. आजोबांनी तेव्हाच मागून विचारलं होतं, "और गाँव कौन सा बोलना है?" पण बस हलली, आणि ते ठरायचं राहून गेलं.