मामीचं भूत, साडेअकराचा शो

स्क्रीन थ्रीच्या दारातून हसण्याचा आवाज आला आणि मी तिकडे वळले. आत हॉरर सिनेमा चालू होता. चाळीस मिनिटं झाली होती, म्हणजे विहिरीचा सीन. प्रिव्ह्यूला मी एकटीच होते, तेव्हा याच सीनला मी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले होते.

मी नागपूरच्या एका मल्टिप्लेक्समध्ये प्रोग्रॅमिंग बघते. म्हणजे कुठला सिनेमा कुठल्या पडद्यावर, किती वाजता लावायचा आणि कधी उतरवायचा. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर सिनेमे बघतो. आम्ही दिवसभर एक्सेल बघतो.

भुतांचं वेड मात्र माझं स्वतःचं. माझं मत असं, की भुताच्या सिनेमाला पैसा मानवत नाही. बजेट वाढलं की भूत नीट दिसायला लागतं, आणि नीट दिसलं की भीती संपली. ज्यांच्याकडे पैसा नसतो ते दार नुसतं किलकिलं ठेवतात, उरलेलं काम आपलं डोकं फुकटात करतं. आणि असा सिनेमा थिएटरातच बघावा. मोबाईलवर भूत आलं की अंगठ्यानं थांबवता येतं.

म्हणून प्रकाश मेश्रामचा सिनेमा मला पटला. प्रकाश मौद्याच्या वीज प्रकल्पात कंत्राटी इलेक्ट्रिशियन. तीन वर्षं, मिळेल त्या सुट्टीला, त्यानं भिवापूरजवळ मामाच्या मिरचीच्या शेतात शूटिंग केलं. एक विहीर आणि एक मेलेली बाई. बाईचं काम त्याच्या सख्ख्या मामीनं, शेवंताबाईंनी केलं होतं. त्या ओरडत नाहीत, केस सोडत नाहीत. मिरच्या तोडता तोडता थांबतात आणि आपल्याकडे बघतात. बस, एवढंच.

आमचे रिजनल हेड कुलकर्णी सर पुण्यात बसतात. मी फोन केला.

"हीरो कोण आहे?"

"कोणी नाही, सर."

"गाणी?"

"नाहीत."

"मग आहे काय त्यात?"

"एक मामी आहे, सर."

मग त्यांनी एक आठवडा दिला, रोज एक शो, सकाळी साडेअकराचा. भुताला नागपूरच्या उन्हात उभं करण्याची वेळ. निम्म्या खुर्च्या भरल्या तरच दुसरा आठवडा. याला आम्ही ऑक्युपन्सी म्हणतो.

शुक्रवारी खुर्च्या भरल्या. भिवापूर आणि आजूबाजूच्या गावांतून मेश्रामांचा सगळा गोतावळा गाड्या करून आला होता. मी दार ढकलून आत गेले. पडद्यावर शेवंताबाई विहिरीतून वर येत होत्या.

"अवं, लुगडं तं माह्यं होय तिच्या आंगावर!" एक बाई ओरडली.

"मामी, पाय घसरन, पाहून चाल!"

खुद्द शेवंताबाई मधल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी मागे वळून दम भरला, "चूप बसा ना बाप्पा, पाहू द्या मले!" आणि सगळा हॉल हशानं फुटला.

इंटरव्हलमध्ये प्रकाश पॉपकॉर्नच्या काउंटरपाशी उभा होता. लोक येऊन त्याची पाठ थोपटत होते. तो पडेल चेहऱ्यानं माझ्याकडे आला.

"मॅडम, हे काहून हसून राहिले?"

"ओळखीचं माणूस आहे ना पडद्यावर."

"तीन वर्षं मेहनत केली, का यायले भेव लागावं. अन् यायले मामी दिसून राहिली."

शनिवार, रविवार हाउसफुल गेले. सोमवारी सरांचा फोन आला.

"अगं, कमाल केलीस! लोक पोट धरून हसतायत म्हणे. तिकिटांच्या ॲपवर कॅटेगरी बदल. हॉरर-कॉमेडी कर. पुढच्या आठवड्यात संध्याकाळी सहाचा शो देतो."

"सर, ती कॉमेडी नाहीये."

"ते प्रेक्षक ठरवतात."

कॅटेगरी बदलायला एक क्लिक पुरते. पण सिनेमा त्याचा होता, म्हणून मी प्रकाशला विचारलं. तो म्हणाला, मामीले विचारतो. थोड्या वेळानं शेवंताबाईंचाच फोन आला.

"मी काय जोकर होय काय, बाई? मी त्याच्यात मेलेली बाई होय. मेलेल्या बाईले कोणी हसते काय?"

मी क्लिक केली नाही. सरांना कळवलं, सिस्टीम अपडेट घेत नाहीये.

दुसऱ्या आठवड्यापर्यंत गोतावळा सिनेमा बघून घरी गेला होता. मंगळवारी सहाच्या शोला चौदा माणसं होती, त्यातलं भिवापूरचं एकही नाही. मी आणि प्रकाश मागच्या भिंतीला टेकून उभे राहिलो.

विहिरीचा सीन आला. एसीची घरघर ऐकू येत होती. पुढच्या आडदांड माणसाचा पॉपकॉर्नचा हात तोंडापाशी थांबला तो थांबलाच. विहिरीतून वर आलेल्या शेवंताबाई मिरच्या तोडू लागल्या आणि थांबल्या. त्यांनी वर बघितलं. कॉलेजच्या दोन मुली एकमेकींना चिकटल्या आणि त्यातली एक जोरात किंचाळली.

आडदांड माणूस उठून मागे आला. मला हळूच म्हणाला, "मॅडम, वॉशरूमकडे लाइट आहे ना?"

"आहे की."

"अन् कोणी माणूस?"

मी आमच्या गार्डला त्याच्यासोबत पाठवलं. वळून बघते तर प्रकाश तोंडावर रुमाल दाबून हसत होता. दीड आठवड्यात पहिल्यांदा.

"भेव लागलं ना मॅडम त्याले? लागलंच!"

दुसऱ्या दिवशी सरांची मेल आली. चौदा डोकी, शुक्रवारपासून सिनेमा उतरव. खाली एक ओळ वेगळी लिहिली होती: वेळेवर कॉमेडी केलं असतं तर ही वेळ आली नसती. अप्रेझलमध्येही तोच शेरा पडला, 'सूचनांची अंमलबजावणी नाही'. तो खराच होता, त्यामुळे मी सही केली.

प्रकाशनं दुसऱ्या सिनेमाची तयारी सुरू केली आहे. या वेळी भुताला अनोळखी नटी शोधतोय. हे कळल्यापासून शेवंताबाई त्याच्याशी बोलत नाहीत.

आमच्या रिपोर्टमध्ये किती माणसं आली याला रकाना आहे, किती घाबरली याला नाही. त्यामुळे कोणी नवीन दिग्दर्शक आला की मी त्याला एवढंच सांगते: बाबा रे, भूत नात्यातलं घेऊ नकोस, लोक हसतात. आणि घ्यायचंच असेल तर दांडग्या गोतावळ्यातलं घे. दोन आठवडे तरी निघतील.