महिपतचा बिफोर टायम

महिपत पडाववाल्याने गोऱ्या कप्तानाला दारू पाजून इंग्रजी शिकून घेतलं, असं रत्नागिरीच्या बंदरावर जो तो सांगे. साफ खोटं. महिपत दारूला शिवतही नसे. तरुणपणी तो आगबोटीवर खलाशी होता. बोट वेळेच्या आत बंदराला लागली की कप्तान खूश होऊन जे ओरडे, तेवढंच इंग्रजी त्याच्या कानात राहिलं. बिफोर टायम. इन अडवान्स. अहेड आफ टायम. उशीर झाला की कप्तान नुसत्या शिव्या हासडी. त्या महिपतने घेतल्या नाहीत.

आता तो पडाव वल्हवून आगबोटीतली माणसं धक्क्यावर आणी. आंबा लवकर मोहरला की, "इन अडवान्स!" बायकोने, हौसाने, ताट लवकर वाढलं की, "बिफोर टायम, गो!"

"आवो, जेवा गुमान," हौसा म्हणे.

त्यांचा एकुलता एक केरू मुंबईत गिरणीत होता. शिमग्यात देवाची पालखी दारात आली की घरच्या माणसाने ती खांद्यावर घ्यायची. महिपतचा खांदा वल्ह्याने कामातून गेलेला. दोन शिमगे केरू आला नाही. शेजाऱ्यांनी पालखी नाचवली आणि हौसा दाराआड तोंडात पदर कोंबून उभी राहिली.

मिठाच्या सत्याग्रहानंतरचा शिमगा जवळ आला, तसा आम्हा पोरांना चेव चढला. त्याच्याच घोगऱ्या आवाजात आम्ही विचारलं, "केरू बिफोर टायम काय, महिपतकाका?"

"व्हय तर! यंदा होळीच्या आधी येनार. अहेड आफ टायम."

"नाय येत!"

"लावा पैज. आला तर त्येची ट्रंक तुमी घरापातूर न्यायची."

लावली.

होळी आठवड्यावर असताना आगबोटीचा भोंगा वाजला. महिपत पडाव घेऊन गेला. दोघा खलाशांनी शिडीवरून केरूला खाली पडावात दिलं, भिजल्या घोंगडीसारखं. छातीचं दुखणं. मुंबईच्या डॉक्टराने हात टेकून गावी जायला सांगितलं होतं.

"बाबा, पालखीला आलो," केरू म्हणाला आणि खोकत बसला.

महिपतने वल्हं घेतलं. जन्मभराचा पडाववाला, पण वल्हं उलटं पडत होतं. पडाव जागच्या जागी फिरत राहिला. शेवटी एका खलाशाने पडावात उडी मारून वल्हं हाती घेतलं.

धक्क्यावर आम्ही पोरं पडावाचा दोर धरायला पुढे झालो.

"जितलो, पोरांनू," महिपत म्हणाला. "ट्रंक नाय आनलेली. ह्यालाच उचला. हळू."

केरूला आम्ही पाठुंगळी घेतलं. घरापर्यंत एवढा उभा चढ, पण दम खायला कुठे थांबावंच लागलं नाही.