रस्ता न विचारणारा फोन

पेण तालुक्यातली साच्याची ती केस अजून मला सोडत नाही. चोर सापडला, माल सापडला, वरिष्ठांनी पाठ थोपटली. तरी त्या केसचं कौतुक कोणी केलं की माझं डोकं फिरतं, कारण तिच्यात एका निरपराध बाईच्या पोटावर माझा पाय पडला.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. हमरापूर-जोहे पट्ट्यातला एक गणपती कारखानदार सकाळी सकाळी ठाण्यावर आला. हातांना माती तशीच वाळलेली. त्यानं वर्षभर खपून एक नवी मूर्ती घडवली होती. अजून एकाही व्यापाऱ्याला दाखवली नव्हती, आणि तिचा रबरी साचा आदल्या दिवशी भरदुपारी शेडमधून गेला होता. तो स्वतः पुण्याला माल पोचवायला गेलेला, कामगार जेवायला घरी गेलेले. साचा गेला म्हणजे मूर्तीच गेली, दुसरा कोणीही ती शेकड्यांनी काढणार. मी फिर्याद घेतली, शेडचा पंचनामा केला. मागचा पत्रा उचकटलेला होता.

तुम्ही त्या दिवशी नसणार हे कोणाला ठाऊक होतं, असं मी विचारलं. घरच्यांना, म्हणाला, आणि रोह्याच्या मॅडमना.

या मॅडम म्हणजे धाटावच्या एका कंपनीतली जुनी टायपिस्ट. आई अंथरुणाला खिळली म्हणून नोकरी सोडलेली, लग्न केलेलं नाही. घरात फोन होता, टाइपरायटर होता. कारखानदाराच्या पावतीपुस्तकावर नंबर रोह्याचा छापलेला. व्यापाऱ्यांचे फोन तिकडे जायचे, पत्रांची उत्तरं ती टाइप करून पाठवायची. रोज दुपारी एक वाजता हा गावातल्या किराणा दुकानातून फोन करायचा आणि ती सगळे निरोप वाचून दाखवायची. चार वर्षांत तो तिला एकदाच भेटला होता.

मला हे काही पटेना. म्हटलं, अहो, कामाला माणूस ठेवायचा तर डोळ्यांसमोर ठेवावा. तो म्हणाला, "साहेब, माझं हात दिवसभर मातीत. फोन कोन उचलनार? पूर्न पगाराचा कारकून मला झेपत नाय. पयले पत्रं पडून राहायची, गिऱ्हाईक दुसरीकडं जायचा. बाय आल्यापासून एक ऑर्डर चुकली नाय." आज विचार करतो तेव्हा वाटतं, धंद्यातलं शहाणपण त्या मातीच्या हातांना माझ्यापेक्षा जास्त होतं.

पण तेव्हा मी पोलीस होतो आणि घाईत होतो. एसटी स्टँडजवळच्या खबऱ्यानं कानात सांगितलं की ही बाई एकाची नव्हे, तीन कारखान्यांची कामं करते, आणि तिघंही एकमेकांचे वैरी. झालं! मला दोरीचा साप दिसला.

रोह्याच्या ठाण्याला कळवून मी दुपारी तिच्या गल्लीत जीप उभी केली. युनिफॉर्म, दोन शिपाई, सगळा थाट. लहानशी खोली, पडद्यामागे आईची खाट. बाई चाळिशीच्या पुढची, आवाज शांत. मी दोन तास उलटसुलट विचारलं, दम भरला. ती वहीतली फक्त त्या एका कारखानदाराची पानं दाखवायची, बाकीच्यांच्या पानांवर हातानं कोरा कागद धरायची. मी कागद ओढायला गेलो तेव्हा म्हणाली, "साहेब, तिघांचं माझ्यापाशी आहे ते विश्वासानं आहे. एकाचं दुसऱ्याच्या कानावर गेलं तर उद्या मला काम कोण देईल?"

दारात शेजारी जमले होते. पडद्यामागून आई विचारत होती, कोण आलंय गो? तिनं उठून पडदा नीट ओढला.

तिची फोनची वही मात्र बघण्यासारखी होती. प्रत्येक फोनची वेळ, नाव, गाव, काम आणि शेवटच्या रकान्यात 'रस्ता सांगितला'. नवीन माणूस कारखान्यावर यायचा म्हटलं की हटकून वाट विचारायचा, कोणत्या फाट्यावर उतरायचं, शेड कुठे. असली नोंद माझ्या ठाण्याच्या वहीतही नसायची. ती एकेक ओळ मला वाचून दाखवत होती आणि चोरीच्या आदल्या दिवशीच्या एका ओळीवर तिचं बोट थांबलं.

"यानं रस्ता विचारला नाही," ती म्हणाली. "नाशिकचा नवा व्यापारी म्हणाला. नवी मूर्ती झाली का विचारलं, मालक कधी असतील विचारलं. मी सांगितलं, उद्या नाहीत, परवा या." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "म्हणजे मीच सांगितलं, साहेब."

तिचा चेहरा पार उतरला. पण मला धागा मिळाला होता. नवी मूर्ती शेडबाहेर कोणी पाहिलेली नव्हती, म्हणजे फोन करणारा शेडमधलाच. डोळ्यांची आखणी करणारा एक कारागीर बारा दिवसांपूर्वी भांडून काम सोडून गेला होता. त्याला आणला, तासभर नुसता बाकावर बसवला. गप्प बसवलेला माणूस आतून आपोआप बोलायला लागतो, हा माझा अनुभव. मग एकच विचारलं, नाशिकहून जोह्याला यायचं कसं, सांग बघू. त्यानं मान खाली घातली आणि सगळं कबूल केलं. साचा गडब गावी त्याच्या सासरी, पेंढ्याच्या उडवीत सापडला. पंचांसमक्ष जप्त केला, आरोपपत्र गेलं.

माझ्यासाठी केस संपली. तिच्यासाठी ती जीप दारात उभी राहिली तिथून सुरू झाली होती. महिन्याभरात उरलेल्या दोन्ही कारखान्यांनी काम काढून घेतलं. ज्याचा साचा तिच्या वहीमुळे परत मिळाला, त्यानंही पावतीपुस्तकावरचा नंबर बदलला. मी जाऊन त्याला झापलं. तो खाली बघत म्हणाला, "बाय वाईट नाय, साहेब. पन पोलिसांची गाडी गेली ना तिच्या दारात. लोक बोलतात."

गाडी माझी होती.

पुढे मी साक्षीदाराकडे साध्या कपड्यांत, एसटीनं जाऊ लागलो. शिपाई हसायचे. संशयिताच्या दारात जायची रीत वेगळी आणि साक्षीदाराच्या दारात जायची वेगळी, हे मी नोकरीची निम्मी वर्षं उलटल्यावर शिकलो, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कोणीतरी भरली. तिचं सगळं भांडवल म्हणजे तिचं न दिसणं आणि तिच्यावरचा भरवसा. मी एका दुपारी दोन्ही गोष्टी घालवल्या.

बदलीचा हुकूम आला त्या दिवशी सामान बांधताना तपासात कारखानदाराकडून घेतलेलं, रोह्याचा नंबर छापलेलं जुनं पावतीपुस्तक हाती लागलं. माफी मागावी म्हणून नंबर फिरवला. पहिल्या घंटीलाच फोन उचलला गेला.

"नमस्कार, कोणत्या कारखान्याचं काम आहे?"

वर्ष होऊन गेलं होतं. तिच्याकडे एकही कारखाना उरला नव्हता. तिनं दोनदा विचारलं, आणि मी भेकडासारखा फोन ठेवला.

तिनं वही ओढून तो फोनही लिहिलाच असणार. वेळ लिहिली असेल. नाव सांगितलं नाही, गाव सांगितलं नाही, रस्ता विचारला नाही.