कांद्यातून गेलेली वाट आणि दोन व्याही

"ताई, व्याहीसले सांगा, कांदा मना व्हता," नाना म्हणाले.

व्याही त्यांच्या शेजारच्याच खुर्चीवर बसले होते. दोन खुर्च्यांमध्ये फक्त एक पिशवी मावत होती. मी मान वळवली.

"आबा, नाना म्हणतात कांदा त्यांचा होता."

"त्यांना सांगा, जमीन माझी आहे."

"नाना, आबा म्हणतात..."

"ऐकं मी," नाना म्हणाले. "त्यासले सांगा, मी ऐकं."

मी धुळ्यात इन्कम टॅक्सची रिटर्न्स भरते. दुभाष्याचं काम मी कधीच शिकले नव्हते. शिवाय या दोघांचे कान माझ्यापेक्षा चांगले होते.

आबा एसटीतून रिटायर झालेले. साक्रीकडच्या एका गावात त्यांचं थोडं वावर आहे. त्यांची मुलगी ज्योती त्याच गावात दिलेली, आणि नाना म्हणजे तिचे सासरे. आबांना शेती होत नाही, म्हणून नाना ते वावर ठोक्याने कसतात. ठोका म्हणजे वर्षाची ठरलेली रक्कम मालकाला द्यायची, पीक सगळं कसणाऱ्याचं. सगळं छान चाललं होतं. मग टेकडीवर पवनचक्क्या आल्या.

पवनचक्कीचं पातं न्यायला लांबलचक ट्रक लागतो, आणि ट्रकला वाट. कंपनीने आबांशी करार केला. जमीन आबांचीच राहणार, कंपनी फक्त तिच्यावरून जा-ये करणार आणि त्याचे दरवर्षी पैसे देणार. कायद्यात याला वहिवाटीचा हक्क म्हणतात. नाना त्याला 'ते ट्रकनं' म्हणत. कारण पहिला ट्रक आला तेव्हा वावरात कांदा उभा होता. ट्रक गेला, आणि उभा कांदा आडवा झाला.

कंपनीने वाटेचे आणि कांद्याच्या नुकसानीचे पैसे एकत्र करून आबांच्या खात्यात टाकले. वर टीडीएसही कापला. टीडीएस म्हणजे देणाऱ्यानेच आपल्या पैशातून आधी थोडा कर कापून सरकारकडे भरायचा. नानांनी कांद्याचे पैसे मागितले. आबा म्हणाले, आलेत ते वाटेचे आलेत. आता व्याह्यांना शिव्या देता येत नाहीत. म्हणून दोघांनी एकमेकांशी बोलणं सोडलं.

याचा सगळा भार पडला नातवाच्या डोक्यावर, अगदी शब्दशः. त्याचं जावळ काढायचं होतं. बाळाला मामाच्या मांडीवर बसवून पहिले केस काढतात. मामा म्हणजे आबांचा मुलगा, आणि आबांनी त्याला सांगून ठेवलेलं, तिकडे पाऊल टाकायचं नाही. मामाशिवाय जावळ नको, असं नानांकडच्या बायकांचं म्हणणं. पोराचे केस नाकाच्या शेंड्यापर्यंत आले होते. ज्योतीने दोन रबर लावून त्याच्या दोन शेंड्या बांधल्या होत्या. ती त्याला घेऊन बाहेरच्या बाकावर बसली होती. माझ्या असिस्टंटने त्याला विचारलं, "नाव काय गं तुझं?" बिचारी ज्योती रडायच्या बेतात होती.

मी मूळ मुद्द्यावर आले. "शेतीच्या उत्पन्नावर कर नाही. पण वाट म्हणजे शेती नाही. रस्त्यावर काय पिकतं? त्यामुळे ते पैसे करपात्र."

कर हा शब्द ऐकताच हवा पालटली.

"ताई, नानांना सांगा," आबा एकदम मऊ आवाजात म्हणाले, "शेवटी मुलाकडचा मान. हे उत्पन्न त्यांच्याच नावावर दाखवा."

"नही नही," नानांनी हात जोडले. "वावर त्यासनं शे. पैसा बी त्यासना, टॅक्स बी त्यासनाच."

लग्नात जिलेबीचा आग्रह करावा तसा दोघं एकमेकांना करपात्र उत्पन्नाचा आग्रह करत होते. मध्ये वाढपी मी.

"कापलेल्या टीडीएसमधून थोडा रिफंड मिळू शकतो," मी म्हणाले.

"मग माझ्याच नावावर," आबा.

"मंग बठ्ठा पैसा मनाच शे," नाना. म्हणजे सगळा पैसा त्यांचाच.

माझं डोकं फिरलं. मी स्टेपलर टेबलावर आपटला आणि कंपनीच्या माणसाला फोन लावला.

"वाट आणि कांदा एकत्र का टाकलेत?"

"मॅडम, एकाच हेडमध्ये सोपं पडतं."

"तुम्हाला सोपं पडतं. माझ्यासमोर दोन व्याही बसलेत."

त्याच्याही घरी व्याही असावेत. लगेच फोड करून मेल आली, टीडीएसची दुरुस्ती करायचंही त्याने कबूल केलं. मी निकाल सांगितला. वाटेचे पैसे मालकाचे, आबांच्या रिटर्नमध्ये 'इतर उत्पन्न' म्हणून जाणार. कांद्याचे पैसे पिकाच्या जागी आलेले, म्हणून पिकवणाऱ्याचे, आणि ते शेतीचंच उत्पन्न. आबांनी ते नानांना द्यायचे. आबा छताकडे बघत बसले.

मी आबांचं रिटर्न भरलं. आता राहिला ओटीपी. तो दिल्याशिवाय भरलेलं रिटर्न न भरल्यासारखंच असतं. आबांच्या आधारला मोबाईल जोडलेला होता ज्योतीचा, लग्नाआधी तिनेच जोडलेला. मी तिला आत बोलावलं.

"ज्योती, ओटीपी आला का?"

"आला."

"सांग."

"नाही सांगत."

आबा ताडकन उभे राहिले. "ज्योते!"

"तुम्ही दोघं एकमेकांशी बोला आधी. ताईंच्या तोंडून नाही, आपापल्या तोंडाने. मग सांगते."

मला तिचा रागही आला, आणि टाळ्याही वाजवाव्याशा वाटल्या. तेवढ्यात पहिला ओटीपी बाद झाला. मी दुसरा मागवला.

आबांनी घसा साफ केला. मग नानांकडे न बघता म्हणाले, "नाना... कांदा कसा होता यंदा?"

नानांचा चेहरा असा काही उजळला!

"आबा, काय सांगू तुमले! एक नंबर व्हता. असा लालभडक, देखतच ऱ्हा! ट्रकसनी बठ्ठा दाबी टाका."

"अरेरे," आबा म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. "मला वाटलं, हातभर पट्टा गेला असेल."

मग नाना बोलत सुटले. बियाणं, करपा, फवारणी, बाजारभाव. आबा मध्ये मध्ये विचारत होते. दुसरा ओटीपीही बाद झाला, पण या वेळी कोणाला त्याची पर्वा नव्हती. तिसरा आला तेव्हा ज्योतीने तो न मागता मोठ्याने वाचला. आबांनी तिथूनच मुलाला फोन लावला. "रविवारी गावी जायचंय तुला. हो, मांडीवर घ्यायचंय त्याला."

कांद्याचे पैसे नानांना मिळाले. आबांना रिफंड आला, अगदी थोडासा. जावळाचे पेढे माझ्याकडे दोन्ही घरांकडून वेगवेगळे आले. व्याही ते व्याहीच.

तेव्हापासून शेतीचा क्लायंट आला की मी सातबारा, पॅन, पासबुक सगळं नंतर बघते. आधी विचारते, आधारला मोबाईल कोणाचा जोडलाय? मग त्या माणसाला पंख्याखालची खुर्ची देते आणि चहा सांगते.