मागच्या सीटवरचं वजन

नोटीस वाचली तेव्हा ती तिथेच फाडून टाकावी असं मनात आलं. दोन्ही हातांत दुधाच्या पिशव्या होत्या म्हणून वाचली बिचारी. ‘पार्किंगमधील बंद पडलेल्या दुचाकी येत्या रविवारी संध्याकाळपर्यंत हलवाव्यात. जागेवरून न हलणाऱ्या गाड्या भंगारात देण्यात येतील.’ खाली सेक्रेटरींची सही. गाड्या म्हणे! विरारला चंदनसारच्या आमच्या बिल्डिंगमध्ये जागेवरून न हलणारी गाडी एकच होती, ती आमची. सरळ दार वाजवून सांगायचं ना, काकू, तुमची मोटरसायकल काढा. तेवढी हिंमत कुठली!

ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. गाडी तेव्हापासून खांबाशेजारी डबल स्टँडवर उभी. इथली हवा खारी, त्यात दोन पावसाळे गेले, पुढचा ब्रेक असा गच्च धरला होता की चाक जागचं फिरेना. स्टेशनजवळच्या मेकॅनिकला फोन केला तर तो म्हणाला, गाडी घेऊन या. म्हटलं, बाबा रे, ती हलत असती तर तुला कशाला फोन केला असता? त्याने फोन ठेवला.

पुण्याला मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ दे ना आई. ठेवून काय करणार आहेस? तुला चालवता तरी येते का?" मी म्हटलं, गॅसवर दूध आहे, नंतर बोलते. गॅसवर काही नव्हतं. तिचं बरोबर होतं, म्हणून तर राग आला. ह्यांचे कपडे मी देऊन टाकले होते, चष्मा कपाटात ठेवला होता. गाडी मात्र त्यांनी शेवटची जिथे लावली तिथेच होती. रोज सकाळी मी खाली जाऊन तिच्यावरून फडकं फिरवायची. ती गेली असती तर मला सकाळी घराबाहेर पडायला कारण उरलं नसतं. हे मुलीला कसं सांगायचं?

मग ठरवलं, चाक आपणच सोडवायचं. मला ते काम येत होतं. म्हणजे येतं असं वाटत होतं.

त्याचं असं आहे. गाडी डबल स्टँडवर घेतली की मागचं चाक अधांतरी राहतं आणि पुढचं जमिनीला टेकतं. पुढचं चाक खोलायचं तर मागे वजन हवं, म्हणजे पुढची बाजू वर उचलली जाते. आमच्या घरी हे वजन म्हणजे मी. दोन-तीन महिन्यांनी एखाद्या रविवारी खालून हाक यायची, "अगं, येतेस का? चाक खोलायचंय." मी निवडायची भाजी ताटात घेऊन खाली जायची आणि सीटच्या पार टोकाला, मागे तोंड करून बसायची. तसं बसलं की वजन चांगलं पडतं, असं त्यांचं म्हणणं. मी वालाच्या शेंगा सोलत बसायची, ते माझ्या पाठीमागे खुडखुड करत बसायचे. तासभर तरी. ऑफिसातल्या गोष्टी व्हायच्या, संध्याकाळी कळंबला समुद्रावर जायचं की नाही यावर भांडण व्हायचं. पायांना मुंग्या यायच्या. मी वैतागून म्हणायची, वीस वर्षं झाली लग्नाला, माझा उपयोग पोत्यासारखा. ते म्हणायचे, "हलू नकोस, गाडी पडेल." मग मी मुकाट बसायची.

त्यामुळे ही सगळी दुरुस्ती मला तोंडपाठ होती, पण ती कानांनी. पाना फिरल्याचा आवाज, चाकातला दांडा हातोडीने ठोकून काढल्याचा, पॉलिश पेपर घासल्याचा. डोळ्यांनी मी त्यातलं काहीच पाहिलं नव्हतं.

रविवारी जेवण झाल्यावर खाली गेले. पहिला प्रश्न वजनाचा. सात वर्षं मी त्या बिल्डिंगमध्ये राहत होते, पण ‘जरा मागे येऊन बसता का’ असं विचारण्याजोगं एकही माणूस नव्हतं. आणि असतं तरी मी विचारलं नसतं, मेले तरी. ह्यांची सगळ्यांशी ओळख होती, तेवढ्यावर आम्हा दोघांचं भागायचं. ते गेल्यावर लक्षात आलं की लोक मला फ्लॅटच्या नंबराने माहीत आहेत.

माणूस नाही तर नाही. विरारला पाणी साठवायची सवय कुणाच्या अंगात नाही? माझ्याकडे वीस लिटरचे, खाली नळ लावलेले दोन कॅन होते. पार्किंगमधल्या नळावर भरले, एकेक करून स्टुलावर चढवले आणि कपडे वाळत घालायच्या दोरीने सीटच्या मागच्या दांडीला दोन बाजूंना बांधले. स्टूल काढलं आणि पुढचं चाक अलगद वर आलं. आनंद झाला. थोडी चिडलेही. मी साठ किलोची, आणि इथे चाळिसात भागत होतं.

नट निघाला. दांडा हातोडीने ठोकला, तोही निघाला. चाक हातात आलं तेव्हा मी पाटावर बसून एकटीच हसले. आत सगळा गंज होता. ब्रेकचे दोन्ही तुकडे पॉलिश पेपरने घासायला घेतले. घासता घासता पाट ओला झाला. वाटलं, कुणीतरी वरून गॅलरी धुतली असेल. बघायला हवं होतं. दोरीच्या ताणाने एका कॅनचा नळ दांडीवर दाबला जाऊन उघडला होता आणि माझं वजन गटाराकडे वाहत चाललं होतं.

गाडीने मान खाली घातली. मी हातातलं सगळं टाकून हँडल धरलं. पुढे चाक नाही, स्टँड दुमडायला लागलेला. सोडलं तर गाडी तोंडावर पडणार, टाकी चेपणार, आणि मग भंगारवाल्याला बोलवायला नोटिशीचीही गरज नव्हती. तशीच वाकून उभी राहिले.

दुपारचे अडीच. मासे खाऊन अख्खी बिल्डिंग झोपलेली. हाक कुणाच्या नावाने मारायची, तेच कळेना. "कुणी आहे का?" म्हणून ओरडले. पुन्हा ओरडले. तिसऱ्यांदा आवाज चिरकला आणि मी रडायलाच लागले. भीतीने नाही, ह्यांच्यावरच्या रागाने. असं अर्ध्यात टाकून जातं का कुणी?

आले ते नेमके सेक्रेटरी. बनियनवर, उजवा हात खरकटा. माझ्याकडे पाहिलं, हात पँटला पुसला आणि दुसऱ्या बाजूने हँडल धरलं.

"काकू, खाली ठोकळे नाही लावले?"

"कसले ठोकळे?"

"इंजिनाखाली. काका लावायचे ते. मीटरच्या खोलीत फळीवर असतील. एक मिनिट धरता?"

ते धावत जाऊन दोन जाड लाकडी ठोकळे घेऊन आले. एका हाताने सीटचं टोक दाबलं, पुढची बाजू उचलली गेली, आणि पायाने ठोकळे एकावर एक आत सारले. ठक, ठक. तो आवाज मी वीस वर्षं ऐकला होता. मला वाटायचं, ते पाने खाली ठेवतात.

"सोडा आता," ते म्हणाले.

मी भीत भीत हात काढला. गाडी जागची हलली नाही. त्यांनी दोन्ही कॅनच्या दोऱ्या सोडून कॅन खाली घेतले. तरी हलली नाही.

"आणि मागचं वजन?" मी विचारलं.

"ठोकळे लावल्यावर वजन कशाला लागतं? मागे बसवून कधी करू नये काकू. माणूस उठला की गाडी खाली. काका तर कायम आधी ठोकळे लावायचे." मग म्हणाले, "तुम्ही बसायचात ना मागे? मला वाटायचं, तुम्हाला खालची हवा आवडते."

मी म्हटलं, हो, खाली हवा बरी असते. त्यांचं जेवण राहिलं होतं, ते वर गेले.

उरलेलं काम मी एकटीने केलं. घासलं, ग्रीस लावलं, चाक बसवलं. पाच वाजता गाडी ढकलत गेटपर्यंत नेली आणि परत आणली. सेक्रेटरींनी गॅलरीतून पाहिलं, आणि संध्याकाळी फळ्यावरची नोटीस त्यांनीच काढली. गाडी राहिली. एकट्याने होण्यासारखंच काम होतं ते. एकटीने केल्यावर कळलं, किती सोपं होतं.

चार दिवस मी ह्यांच्यावर रागावले होते. पायांना येणाऱ्या त्या मुंग्या आठवत होत्या. एवढी वर्षं फसवलं! सोबत हवी होती तर सरळ सांगायचं, ये, बस जरा. पण सरळ मागणं त्यांना जमलं नाही, आणि मला तर मुळीच जमत नाही. मी तरी त्यांना कधी म्हटलं होतं का, की मला तिथे बसायला आवडतं? कधीच नाही. कटकटच केली. आता ते सांगायला कुणी नाही, याचं मला फार वाईट वाटतं. अजून वाटतं.

पुढच्या रविवारी सकाळी मी समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. त्या बाईही एकट्याच राहतात. सात वर्षांत आमचं बोलणं लिफ्टपुरतं. त्यांनी दार अर्धं उघडलं. मी म्हटलं, "खाली मोटरसायकलचं थोडं काम आहे. मागच्या सीटवर कुणीतरी बसायला लागतं, नाहीतर चाक वर येत नाही."

"अहो, मला त्यातलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या.

"कळायला लागत नाही. बसायचं फक्त."

त्या आत गेल्या. गॅस बंद केल्याचा आवाज आला, मग चपला शोधत असल्याचा. ठोकळे मी सकाळीच लावून आले होते.